मराठ बीदीची पहिली ओवी

दोन्ही घरांतली माणसं गिरिजाबाईंच्या तोंडाकडं बघत होती, आणि गिरिजाबाई नव्या काँक्रिटच्या रस्त्याकडं.

बेट्टदपुरातल्या मराठ बीदीला, कानडी मुलखातल्या या मराठी गल्लीला, पाटी लागायची होती. या रस्त्यावर सगळ्यांत आधी जो आला, त्याचं नाव तिच्यावर घालायचं ठरलं होतं. पंचायतीचे नरसिंहमूर्ती चहा पिऊन, तोंड पुसून, कट्ट्यावर गिरिजाबाईंशेजारी बसून होते. समोर रस्त्यात वेंकोबा आणि दामोदरराव उभे. अलीकडच्या घरातला वेंकोबा म्हणत होता, आमचे पणजोबा. पलीकडच्या घरातले दामोदरराव म्हणत होते, आमचे. दोघंही म्हणत होते ते नरसिंहमूर्तींना, एकमेकांशी नव्हे. गटाराच्या पाण्यावरून त्यांचं बोलणं तुटलेलं, ते मुलाबाळांची लग्नं होऊन गेली तरी तुटलेलंच.

गिरिजाबाई वेंकोबाची आई आणि दामोदररावांची आत्या. माहेर पलीकडं, सासर अलीकडं. त्यांची वरात म्हणजे हा रस्ता ओलांडणं, एवढीच. आता एक नाव घेतलं की एक दार बंद होणार. 

"हेळि अज्जी," नरसिंहमूर्ती म्हणाले. "सांगून टाका, म्हणजे सगळेच सुटू."

दामोदररावांनी आठवण करून दिली, की आत्या या घरची लेक आहे.

"आणि भात कुणाकडं खाते, तेही विचारा," वेंकोबा नरसिंहमूर्तींना म्हणाला.

"साकु रे. पुरे झालं." गिरिजाबाईंनी भिंतीला पाठ टेकली, आणि हलकेच, जातं ओढावं तशा लयीत म्हणू लागल्या:

पहिली माझी ओवी, आधी आला त्याला
चिंचेच्या बुंध्याशी, निजून गेला त्याला

ही ओवी अख्ख्या बीदीला पाठ होती. घरोघरी मिक्सर आले तरी लग्नाची हळद दळताना बायका तिनंच सुरुवात करत. पहिली ओवी देवाची असते. म्हणून हीही कुठल्याशा देवाचीच, असं सगळे धरून चालले होते.

"देव नव्हे रे तो. आजी सांगायची, माणूस होता. कापडाचे गठ्ठे घेऊन आला, तापानं फणफणला, चिंचेखालीच प्राण सोडला. तुम्हा दोघांचे पणजे त्याचे गाडीवान. त्यांनी त्याला तिथंच मातीत ठेवला. मग एकानं कापड घेतलं, एकानं बैल. अशी दोन घरं झाली."

नरसिंहमूर्तींनी त्याचं नाव विचारलं.

"ओवीत नाही. कुणी राखलंच नाही."

 आता एक नव्हे, दोन्ही दारं गेली, असं मनाशी धरून म्हातारीनं डोळे मिटले. खूप थकवा आला होता. इथंच पडावं, कुणी उठवू नये, असं वाटत होतं.

दामोदररावांचा आवाज आला.

"वेंक्या, आपण चढायचो, ती चिंच?"

वेंकोबा त्यांच्याकडं वळला.

"तीच," तो म्हणाला. "आता उभे आहोत ना आपण, तिथंच होती."

दोघांनी खाली पाहिलं. पाऊल उचलून ठेवावं कुठं, ते दोघांनाही कळेना.