आईचा घसा

ती मोठ्या शहरात पर्यटकांना फिरवणारी गाईड. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की दिवसभर लोकांच्या मुलांना गोष्टी सांगून, हसवून, गोळा करून संध्याकाळी घरी यायची, तेव्हा घशातून आवाज फुटत नसे. आईला बोलायला लावायचं नाही, हा आता घरचा कायदाच झाला होता. चहा हवा की गरम पाणी, तेसुद्धा खुणेनं.

यंदा साहेबांच्या हातापाया पडून तिनं ऐन गर्दीत एक दिवस रजा मिळवली. चार वर्षांच्या चिमीला शहर दाखवायचंच! सावली कुठे मिळते, पोरं नेमकी कुठे कुरकुरायला लागतात, सगळं तिला तोंडपाठ.

"तुला काय, डोळे मिटून जमेल," नवरा म्हणाला.

"मासे बघायला जाऊया? भला मोठा शार्क आहे तिथे," तिनं घोगऱ्या आवाजात चिमीला विचारलं. चिमीनं नुसतीच मान हलवली. नको. झुकझुक गाडी? नको. उंच मनोऱ्याची लिफ्ट? तीही नको. आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात ही नकारघंटा.

"मग बघायचंय तरी काय, माझे आई?" ती वैतागलीच.

चिमीनं आधी बाबाकडे पाहिलं. बोललेलं चालेल ना, याचा अंदाज घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली,



"तू ज्यांच्याशी बोलतेस ना, ती मुलं."