गाळलेले आवाज

कृत्रिम कानातली कंपनीची सिस्टीम काढून अच्युतरावांनी फुकटची, खुली सिस्टीम बसवली. कुठले आवाज गाळायचे, हे आता त्यांनाच ठरवता येणार होतं. संगणकावर त्यांनी कंपनीची जुनी यादी उघडली. मिक्सर, भटकी कुत्री, आणि तिसरी नोंद, ‘आतल्या खोलीतून सतत येणारा स्त्रीस्वर’.

सात वर्षं ते समजत होते, बायकोने, सुमतीने, अबोला धरलाय.

त्यांनी तिसऱ्या नोंदीपुढची खूण काढली. लगेच स्वयंपाकघरातून, भिंतीशी बोलावं तसं, ऐकू आलं, “आज दोडका करतेय. नाक मुरडा नाहीतर काहीही करा. तुम्हाला सांगून उपयोग काय म्हणा!”

“शिरांची चटणीही कर की,” अच्युतराव म्हणाले.

विळीचा आवाज थांबला. सुमती दारात आली.

“अहो,” तिने घाबरत विचारलं, “कोणाशी बोलताय?”