कोऱ्या कडा

ताई डोळ्यांची डॉक्टर, धाकटा भाऊ चित्रकार. तो दर वर्षी प्रदर्शनाला बोलवायचा, ती टाळायची: “तुझे रंगांचे फराटे माझ्या डोक्यावरून जातात रे!” यंदा तो स्वतःच न्यायला आला. चित्रं सालवार टांगली होती. सगळ्यांच्या कडा कोऱ्या. पहिल्या साली बोटभर, यंदा वीतभर. “ही रिकामी जागा म्हणजे विरक्ती,” एक जाणकार म्हणाला. ताईनं पुन्हा पहिल्या चित्रापासून कडा निरखल्या. “या कडा कोऱ्या कशा राहिल्या?” तिनं विचारलं. “कोऱ्या? कुठे?” भाऊ गोंधळला. तो समोर बघत असताना तिनं त्याच्या डोळ्यांच्या कडेला बोटं हलवली. त्याला पत्ताच नाही. काचबिंदूनं नजर कडेकडेनं कुरतडली होती. गेलेली नजर परत येत नसते; ताई पहिल्याच वर्षी आली असती, तर तिनं ती वाचवली असती. “पहिल्यांदाच आलीस, काही कळलं का?” त्यानं हसून विचारलं. “कळलं रे,” ती म्हणाली, “फार उशिरा.”