भोंग्यातल्या मंदाकिनी

मंदाकिनी गुरव यांनी वीस वर्षं कबड्डीचं समालोचन केलं. मग वाहिनीने त्यांचा आवाज यंत्रात उतरवून घेतला, समालोचन त्या यंत्राकडे सोपवलं आणि त्यांना घरी बसवलं. आज त्या प्रेक्षकांत होत्या, कारण मुलगी शर्वी खेळत होती.

शर्वी चढाईला गेली आणि पाच जणींनी तिला खाली दाबलं. ढिगाखाली विचित्र वळलेली तिची मान मंदाकिनींना दिसली.

“पंच, थांबवा! पोरीची मान मोडेल!” त्या जीव तोडून ओरडल्या.

पंचांनी वळूनही पाहिलं नाही. हा आवाज सकाळपासून भोंग्यांतून ओरडतच होता. त्याच्याकडे लक्ष न देणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

तेवढ्यात भोंग्यांतून मंदाकिनींचाच आवाज आनंदाने किंचाळला, “काय पकड आहे! सोडू नका, पोरींनो!”

पोरींनी पकड आणखी घट्ट केली.