दोन पात्यांचा पंखा

"दोन पात्यांवर होडी चालत नाही, सूनबाई, रखडते," पोशा तांडेल होडीच्या बुडाशी बसवायच्या, पाणी ढकलणाऱ्या पंख्याकडे बघत म्हणाला. बंदरातल्या सगळ्या शिडाच्या होड्यांना तीन पात्यांचे पंखे होते. सूनबाईने पंखा घट्ट बसवला, पाती उभी फिरवली आणि होडीच्या आत, पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, वरच्या अंगाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

"आता होडीलाही नखरे," तो पुटपुटला.

शिडांच्या शर्यतीत नियमाप्रमाणे सगळ्यांनी इंजिनं बंद केली. "बाबा, ठिपका वर आणा," सूनबाई म्हणाली. कुरकुरत त्याने हाताने शाफ्ट फिरवला. दोन्ही पाती उभी होऊन होडीच्या तळाच्या कण्याआड लपली. बाकीच्यांची तीन पाती कशीही फिरवली तरी पाण्याला आडवी येत राहिली आणि पोशाची होडी सगळ्यांच्या पुढे निघाली.

धक्क्यावर शेजारच्या तांडेलाने विचारलं, "पंखा कुठून आणलास?"

पोशाने मिशीवर हात फिरवला. "पंख्याचं काय घेऊन बसलास? सून कुठून आणली ते विचार."