पोस्टमास्तरांची बायको

चहाचं तबक धरून बहजत आपल्याच दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर उभी होती, आणि आत तिच्या जागेवर धोबीण बसली होती.

धोबीण छान दिसत होती. निळा कोट, लोकरीची कॉलर, डोक्यावर तिरपी टोपी. कोट बहजतनेच शिवलेला. तिच्या शेजारी बहजतचा नवरा, गावचा पोस्टमास्तर नसरुल्ला खान, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. समोर गव्हर्नरसाहेब आणि तेहरानहून आलेल्या त्यांच्या पत्नी. उघड्या खिडकीशी फोटोग्राफर कॅमेऱ्याची तिपाई उभी करत होता.

"तुमची पावलं आमच्या डोळ्यांवर," नसरुल्ला खान पुन्हा एकदा म्हणाला. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

सगळं सुरू झालं ते इराणच्या शहाच्या हुकमाने. बायकांनी डोक्यापासून पायापर्यंत पांघरायची काळी चादर आता बंद. सरकारी नोकरांनी बायकोला चादरीशिवाय, फार तर विलायती टोपीत, नगरपालिकेच्या चहापानाला आणायचं, नाहीतर नोकरी गेली समजायचं. बहजतने ऐकलं आणि अंथरूण धरलं. नवऱ्याने समजावलं, आदळआपट केली, शेवटी उशाशी बसून रडला. मग तोड तिनेच काढली.

"तूबाला न्या."

तूबा म्हणजे धोबीण. विधवा बाई. डोईला रुमाल बांधून, बाह्या सारून नदीवर गावाचे कपडे बडवायची.

"तिचं काय जातंय?" बहजत म्हणाली. "तिला उभ्या गावाने पाहिलंय."

पाप लागू नये म्हणून मुल्लाला बोलावून नसरुल्ला खानाचं तूबाशी दोन दिवसांच्या मुदतीचं लग्न लावलं. बहजतने तिला आपल्या हातांनी नटवलं आणि आपलं नाव दिलं.

"खानम, ही टोपी म्हणजे डोक्यावर कढई पालथी घातल्यासारखं वाटतंय," तूबा आरशात बघून बाईसाहेबांना म्हणाली होती. मग तिचा हात मानेमागे गेला. बहजतने तो खाली ओढला. तो पुन्हा गेला.

"उवा झाल्यात का गं?" बहजत हसली होती. "हात खाली घे. एवढं काय त्यात?"

चहापान पार पडलं. कुणाला काही कळलं नाही. नोकरी राहिली, चादरही राहिली. कोट पेटीत गेला, तूबा नदीवर गेली.

आणि आज सकाळी निरोप आला. पोस्टमास्तरांची हसतमुख बायको गव्हर्नरसाहेबांच्या पत्नीला फार आवडली होती. दुपारी सगळे घरी चहाला येणार होते. वर्तमानपत्रासाठी फोटोही घ्यायचा होता. मुल्लाला पुन्हा धावतपळत आणलं. तूबाला नदीवरून आणलं, ओल्या हातांनिशी. घरची मोलकरीण तोंडाची फाटकी, तिला तिच्या बहिणीकडे पिटाळलं. मग घरात बहजतसाठी एकच जागा उरली.

ती आत आली. दोन्ही हातांत तबक, म्हणून चादरीचा काठ दातांत धरलेला. तिने सगळ्यांपुढे चहा ठेवला. तूबाने साखरेचा खडा दातांत पकडला आणि चहा सरळ बशीत ओतला. पेल्यातूनच प्यायचा म्हणून बहजतने इतकं बजावलं होतं.

गव्हर्नरसाहेबांच्या पत्नीला मात्र ते गोड वाटलं. "बघा, खानमना कसला म्हणून ताठा नाही. आणि चहा काय सुरेख झालाय. बाई चांगली मिळालीय तुम्हाला."

"चांगली आहे," तूबा म्हणाली. "जरा तोंड करते, एवढंच."

नसरुल्ला खानाला ठसका लागला. बहजत रिकामे पेले तबकात गोळा करू लागली. तेवढ्यात फोटोग्राफरने आपलं डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून बाहेर काढलं.

"साहेब, ही काळी चादर फोटोत येतेय."

बहजत दाराकडे वळली.

"थांब," गव्हर्नरसाहेब म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "जायचं कशाला? हुकूम सगळ्यांना सारखाच आहे. पोस्टमास्तरांच्या घरातली मोलकरीणही बदलली, हे लोकांना दिसू दे. खानम, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल."

बहजतने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेल्यात बघत होता, जणू विरघळलेली साखर परत खडा होणार होती. एका वाक्याचं काम होतं. मी याची बायको, ही धोबीण. मग नोकरी जाणार होती, आणि गव्हर्नरला फसवल्याबद्दल पुढे काय काय होणार होतं ते कोण जाणे. पण ते वाक्यही तिला बोलता येत नव्हतं. तोंड उघडलं असतं तर चादर सुटली असती.

तूबा उठली. टोपी सावरत तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काढ," ती म्हणाली.

बहजत हलली नाही. तूबाने तिच्या दातांतून चादरीचा काठ सोडवला, लहान मुलाने तोंडात घातलेलं काही काढून घ्यावं तसा, हळूच. चादर खांद्यांवरून घसरून पायांशी पडली. बहजतचा एक हात आपोआप मानेमागे गेला. तबक कलंडलं, पेले एकमेकांवर आपटले. तूबाने तबक खालून धरलं.

"हात खाली घे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"खानम, जरा बाजूला व्हा," फोटोग्राफर म्हणाला. "बाई दिसत नाहीये."

तूबा बाजूला झाली नाही. कॅमेऱ्याकडे पाठ करून ती तशीच उभी राहिली, आणि बहजतचे केस नीट केल्यासारखं करत तिच्या कानाशी वाकली.

"नुसता वारा आहे, खानम. मलाही त्या दिवशी मानेवर आधी कुणाची तरी बोटंच वाटली होती."