समोरची सीट

डब्यात पाऊल ठेवलं आणि लोटनभाऊंच्या काळजात चर्र झालं. आता तिचा चेहरा दिसणार नव्हता.

जुनी कडक बाकं गेली होती. त्यांच्या जागी निळ्या गुबगुबीत सीटा आल्या होत्या. पाठीला उतार, मानेला उशी, शेजारी मोबाईल चार्ज करायची सोय. धुळे पॅसेंजर जणू नवरीसारखी नटून उभी होती. पण सगळ्या सीटांची तोंडं एकाच बाजूला, इंजिनाकडे.

शेवंताबाई दोन रांगा पुढे बसली होती. लोटनभाऊंना दिसत होता तो फक्त तिचा अंबाडा आणि त्यात खोचलेलं पांढरं फूल.

चाळीसगाव ते धुळे, वर्षानुवर्षं ठरलेलं असायचं. खिडकीशी ती सुलटी बसायची आणि तिच्यासमोर ते उलटे. उलटं बसलं की तिला मळमळतं, हे त्यांना ठाऊक होतं. या गाडीत दोघांमध्ये एक शब्द कधी झाला नव्हता. ते डोळे अर्धवट मिटून अभंग गुणगुणायचे आणि समोर तिची बोटं जेवणाच्या डब्याच्या झाकणावर हलकेच ताल धरायची. बाहेर धुक्यात कपाशीची शेतं तरंगत जायची. चाकांतून चिपळ्या वाजायच्या. दोघांच्या पिशव्यांतून भरिताचा वास यायचा; हिवाळ्यात खानदेशात दुसरं असतं काय! गाडी धुळ्याला पोचली की ते पेटीदुरुस्तीच्या दुकानात जायचे आणि ती इस्पितळात, आयाच्या कामाला. तेवढ्या तासाभराच्या दर्शनावर त्यांचा दिवस तरून जायचा.

जामद्याला चुडामण चढला. रोजचा सोबती, जिभेने तिखट. सीटवर दोनदा उसळून बघितलं आणि खूश झाला.

"बठ्ठ्या सीटा झकास शेतस! तुले काय दुखस रे भाऊ? तोंड असं का?"

"समोरचं माणूस दिसत नाही."

चुडामणने अंबाड्याकडे बघितलं, मग लोटनभाऊंकडे, आणि आवाज खाली आणला. "माले माहीत शे तुनं दुखणं. पन तिना गळामा मंगळसूत्र शे. दिसस ना तुले?"

"दिसतं."

"माळकरी माणूस तू! आन घरमा समजनं तं?"

"घरी कोणी काही बोलत नाही," लोटनभाऊ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

शिरूडच्या पुढे एक मुलगी सीटासीटांशी थांबत आली. नव्या डब्यांबद्दल प्रवाशांना काय वाटतं, हे विचारायला रेल्वेने तिला पाठवलं होतं. मयुरी नाव सांगितलं तिने.

"आबा, सीट बरी आहे ना?"

"पाठ टेकते गं बाई. पण आगगाडीत कोणी कोणाच्या पाठीकडे बघत जातं का?"

मयुरी हसली. "मग मधे बसा की. तिथे टेबल आहे, आणि सीटा समोरासमोर आहेत."

लोटनभाऊंनी मान वळवून बघितलं. खरंच होतं.

त्या संध्याकाळी चाळीसगावात कीर्तन होतं. लोटनभाऊ पुरुषांत बसले होते, शेवंताबाई पलीकडे बायकांत. बुवा रंगात आले होते. वीणा छातीशी धरून म्हणाले, "देव गाभाऱ्यात, भक्त उंबऱ्याशी. दोघंही रुसलेले, दोघंही मुके. मग आधी कोण बोललं? देव बोलला! अरे, आधी बोलतो तो लहान होत नाही बाबांनो. आधी बोलतो तोच मोठा!"

टाळ कडकडले. लोटनभाऊंनी पलीकडे बघितलं. शेवंताबाई पदराने डोळे टिपत होती.

परतताना ती पुढे चालली होती आणि ते चार हात मागे. किती वेळा त्यांनी तोंड उघडलं! अंतर ना कमी झालं, ना वाढलं.

दुसऱ्या दिवशी ते गाडी लागण्याआधीच फलाटावर हजर होते. डब्यात शिरून त्यांनी मधलं टेबल गाठलं. इंजिनाकडे तोंड असलेल्या खिडकीच्या सीटवर आपलं उपरणं टाकलं आणि स्वतः समोर, उलटे बसले.

दोघातिघांनी जागा विचारली. "माणूस यायचंय," ते म्हणत राहिले. यायचंच असेल तर, असं मनातल्या मनात.

शेवंताबाई आली. आधी रिकाम्या मागच्या रांगेकडे तिचं पाऊल वळलं. मग उपरण्यावर नजर गेली. ती थबकली. लोटनभाऊंनी डोळे मिटले आणि विठ्ठलाचं नाव घेतलं.

डोळे उघडले तेव्हा ती उपरण्याची घडी करत होती. घडी तिने टेबलावर त्यांच्या बाजूला ठेवली आणि बसली. चेहरा, तोच. जरा ओढलेला, डोळे लाल.

गाडी हलली. धुकं काचेवर आलं. जामद्याला चुडामण चढला, दोघांना समोरासमोर बघितलं आणि दारातच खिळून राहिला.

आता नाही तर कधीच नाही. लोटनभाऊंना देवाचं मोठेपण आठवलं, बुवांची वीणा आठवली. बोलायचं ते मात्र काहीच आठवेना. जिभेवर आलं ते त्या पोरीचंच वाक्य.

"सीट... बरी आहे ना?"

तिची बोटं डब्याच्या झाकणावर थांबली.

"मऊ आहे," ती म्हणाली. आणि जरा थांबून, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून म्हणाली, "अहो, दुपारी ते भरीत खाऊ नका. रात्रभर झोप नव्हती मला. पहाटे डबे भरताना आपल्या दोघांच्याही भरितात मीठ दोनदा पडलंय."